ट्रॅक्टरमागचे पाते : घेण्यापूर्वी काय पाहावे?

ट्रॅक्टर आता केवळ नांगरणी-पेरणीपुरता राहिलेला नाही. प्लॉट सपाट करणे, पाणंद रस्त्यावर मुरूम पसरवणे, वीटभट्टीची जागा तयार करणे, शेताचे बांध नीट करणे, ईदच्या आधी ईदगाहचे मैदान साफ करून देणे अशी कितीतरी कामे ट्रॅक्टरला मिळू लागली आहेत. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचे पावसाळ्याआधीचे दोन-तीन महिने याच कामांवर निघतात. या कामासाठी ट्रॅक्टरच्या मागे जे लोखंडी पाते लावतात, ते कसे निवडावे हा आजच्या पाठाचा विषय आहे. ट्रॅक्टरमालकांइतकाच तो अवजारे विकणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि ती बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या वेल्डिंगवाल्या कारागिरांनाही उपयोगी पडेल.

आमच्या माहितीतील एका तरुणाचे उदाहरण सांगतो. त्याने ४५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरसाठी सहा फुटी पाते घेतले. रंग चकचकीत होता आणि भाव इतरांपेक्षा कमी होता. पाठोपाठ एका शेतरस्त्याचे काम त्याने अंगावर घेतले. पहिल्या दिवशी पाते वाळलेल्या मुरुमावरून नुसते घसरत राहिले. दुसऱ्या दिवशी पात्याचे टोक दगडात अडकले आणि कुलूप-पिन वाकली. तिसऱ्या दिवशी मधल्या खुंट्याजवळचे वेल्डिंग तडकले. दुरुस्तीसाठी तो मिस्त्रीकडे गेला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “भाई, वेल्डिंग मी करून देतो, पण उद्या तू परत येशील. हे पाते या कामाचे नाही.” काम दुसऱ्याकडे गेले आणि घेतलेली उचल परत करावी लागली. नुकसान पात्याच्या किमतीपुरते राहिले असते तर चालले असते. गावात शब्द गेला, ते नुकसान मोठे. हे टाळता येण्यासारखे होते. कसे, ते क्रमाने पाहू.

हे अवजार नेमके कोणते?

बाजारात याला अनेक नावे आहेत. कोणी टेरेसर ब्लेड म्हणतो, कोणी ग्रेडर ब्लेड, तर कोणी नुसते लेव्हलर. येथेच पहिला घोटाळा होतो, कारण लेव्हलर या नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकाला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती असतात. ती पेटीसारखी माती भरून घेते आणि पुढे नेऊन टाकते. दुसरे म्हणजे आपले पाते. त्याच्या बाजू उघड्या असतात आणि मधल्या खुंट्यावर ते डावीकडे किंवा उजवीकडे तिरके फिरवता येते. तिरके केले की माती एका बाजूला सरकत जाते. रस्त्याला मधून उंची देणे, कडेने चर काढणे, बांधाला माती लावणे ही कामे पात्याने होतात, पेटीने होत नाहीत. उलट उंचवट्यावरची माती उचलून दूरच्या खड्ड्यात नेऊन टाकायची असेल तर पेटी चांगली. पात्यावरची माती वाटेतच दोन्ही बाजूंनी सांडून जाते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे : वर्षभरात मला मिळणारे काम कोणते? माती बाजूला सारण्याचे की वाहून नेण्याचे? आणि हेही समजून घ्यावे की खोल खोदाई हे जेसीबीचे काम आहे. पाते हे ओढण्याचे, पसरवण्याचे आणि शेवटचा हात फिरवण्याचे अवजार आहे. खोदाईच्या आशेने पाते घेणारा हमखास निराश होतो. भातखाचरात पाणी सारखे उभे राहावे अशी बारीक सपाटी हवी असेल, तर त्यासाठी लेझर लेव्हलर हे निराळे यंत्र आहे.

जोडणीचे माप

ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन ठिकाणी जोडले जाते : खाली दोन लिंका आणि वर एक टॉप लिंक. ही पद्धत आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन याने विकसित केली. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती आली, मोठ्या प्रमाणावर पसरली आणि आज जगभर तीच चालते. तिची मापे ठरलेली आहेत. लहान ट्रॅक्टरसाठी कॅटेगरी एक : खालच्या पिना २२ मिलिमीटर आणि वरची १९ मिलिमीटर. मोठ्यांसाठी कॅटेगरी दोन : खालच्या पिना सुमारे २८ मिलिमीटर आणि वरची सुमारे २५ मिलिमीटर. खालच्या दोन लिंकांमधील अंतरही दोन्हींत वेगळे असते.

४० ते ५० हॉर्सपॉवरच्या पट्ट्यात दोन्ही कॅटेगरी भेटतात. त्यामुळे आपल्या ट्रॅक्टरच्या लिंकांमधील गोळ्यांची भोके व्हर्नियरने मोजून, कागदावर लिहूनच दुकानात जावे. मोठ्या भोकात बारीक पिन घालून काम चालवले, तर प्रत्येक धक्क्याला ती आपटते. भोक लंबगोल होते आणि पाते डुलू लागते. फरक असेल तर योग्य मापाचा बुश बसवावा. ही दोन पैशांची वस्तू हजारोंचे नुकसान वाचवते. खालच्या लिंकांच्या बाजूच्या साखळ्या किंवा स्टॅबिलायझर ताणता येतात का, हेही पाहून घ्यावे. पाते तिरके केले की ते ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला ढकलते. साखळ्या ढिल्या असतील तर सरळ रेषेत काम होणार नाही.

रुंदी : तिरके केल्यावर मोजा

पाते सरळ असताना सहा फूट असले, तरी तिरके केल्यावर ते तेवढी जागा व्यापत नाही. ३० अंश फिरवले तर मूळ रुंदीच्या सुमारे ८७ टक्के जागा व्यापते आणि ४५ अंश फिरवले तर सुमारे ७१ टक्के. म्हणजे :

सहा फुटी पाते ३० अंशांवर सव्वापाच फुटांच्या आत, ४५ अंशांवर सव्वाचार फूट.

सात फुटी पाते ३० अंशांवर सहा फूट, ४५ अंशांवर पाच फुटांच्या आत.

आठ फुटी पाते ३० अंशांवर सात फुटांच्या आत, ४५ अंशांवर साडेपाच फुटांहून थोडे जास्त.

आता आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांचे बाहेरून बाहेर अंतर टेपने मोजा. समजा ते पावणेसहा फूट आहे. मग सहा फुटी पाते तिरके करताच चाकाची खूण उघडी राहते. जेवढे सपाट केले तेवढ्यावर चाकाचा चर पडतो. सात फुटी पाते ३० अंशांवरही दोन्ही चाकांच्या खुणा पुसून टाकते. नियम साधा आहे : रोजच्या कामात जेवढे तिरके करतो, तेवढे तिरके केल्यावरही पाते चाकांच्या बाहेर निघाले पाहिजे. वरच्या उदाहरणातील तरुणाने ही टेप लावली असती, तर तो सहा फुटीकडे वळलाच नसता.

पण म्हणून वाटेल तेवढे रुंद पातेही घेऊ नये. रुंद पात्यापुढे माती जास्त साचते आणि चाके जागेवर फिरू लागतात. ढोबळ मानाने ३५ हॉर्सपॉवरपर्यंत सहा फूट, ४० ते ५० ला सात फूट आणि त्यापुढे आठ फूट असा अंदाज धरावा. मात्र शेवटचा निर्णय टेपने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने करावा.

वजनाने का? एक हिशेब पाहा. ओढ किलोमध्ये घेऊन तिला ताशी किलोमीटर वेगाने गुणावे आणि २७० ने भागावे, म्हणजे लागणारी हॉर्सपॉवर मिळते. हजार किलो ओढ, ताशी ५ किलोमीटर वेग : पाच हजार भागिले २७०, म्हणजे साडेअठरा हॉर्सपॉवर. ४५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे जड नाही. मग ट्रॅक्टर अडतो कुठे? टायरच्या पकडीत. दोन टनांचा ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास ओढ देईल. भुसभुशीत किंवा ओल्या जागी त्याहून कमी. म्हणून “माझा ट्रॅक्टर इतक्या हॉर्सपॉवरचा आहे” हे उत्तर पुरेसे नाही. त्याचे वजन किती आणि टायरची नक्षी किती शिल्लक आहे, हेही पाहावे लागते.

वजन : सर्वांत महत्त्वाचा मुद्दा

पुष्कळांना वाटते की लिफ्टचा दांडा खाली केला की हायड्रॉलिक पात्याला जमिनीत दाबते. तसे होत नाही. बहुतेक ट्रॅक्टरांची मागची लिफ्ट फक्त उचलते. खाली येताना अवजार स्वतःच्या वजनाने येते. म्हणजे घट्ट मुरुमात शिरायचे ते पात्याच्या वजनावरच. हलके पाते घसरते त्याचे कारण हे.

दोन पात्यांची तुलना करताना एकूण वजनाला फुटांनी भागावे. समजा एक सात फुटी पाते १७५ किलोचे आहे आणि दुसरे ३१५ किलोचे. पहिल्याचा भार दर फुटाला २५ किलो, दुसऱ्याचा ४५ किलो. मोकळ्या मातीत दोन्ही चालतील. वाळलेल्या रस्त्यावर पहिले घसरेल आणि दुसरे कातेल.

विकणारा सांगतो ते वजन आणि काट्यावरचे वजन यांत फरक असू शकतो. काट्यावर नेणे शक्य नसेल तर पत्र्याचे वजन स्वतः काढावे. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा, एक मिलिमीटर जाड, ७.८५ किलो भरतो. पत्र्याची लांबी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणावी, जाडीच्या मिलिमीटरने गुणावे आणि ७.८५ ने गुणावे. २.१ मीटर लांब आणि वाकाच्या रेषेने अर्धा मीटर उंच पत्रा ८ मिलिमीटरचा असेल तर ६६ किलो. तोच ५ मिलिमीटरचा असेल तर ४१ किलो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात आणि रंग तर दोघांनाही तोच असतो. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे पाठीमागे पट्टी नसेल, तर ८ मिलिमीटरचा पत्रा ५ मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा सुमारे चौपट ताठ असतो. म्हणून जाडी नेहमी कडेला व्हर्नियर लावून मोजावी. पाठीमागे आडवा पाइप किंवा चौकोनी नळी आणि उभ्या पट्ट्या आहेत का, तेही बघावे.

वजनाला मर्यादाही आहे. ३०० किलोचे पाते मागच्या धुऱ्यापासून दीड मीटर मागे टांगले आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर दोन मीटर असेल, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे सव्वादोनशे किलो भार कमी होतो. त्याने स्टिअरिंग हलके पडते आणि चढावर पुढची चाके उचलतात. जड पाते घेणाऱ्याने पुढच्या वजनपट्ट्यांचा खर्च त्याच वेळी धरावा.

खुंटा आणि कुलूप-पिन

पात्याचा खरा कस मधल्या खुंट्यावर लागतो. याच खुंट्याभोवती पाते फिरते आणि ठरलेल्या कोनात एक पिन घालून ते अडकवतात. अपघात बहुधा टोकाला होतो : पात्याचे एक टोक दगडात अडकते आणि ट्रॅक्टर पुढे ओढतच राहतो.

सात फुटी पात्याचे टोक खुंट्यापासून साडेतीन फूट, म्हणजे सुमारे १.०७ मीटर दूर असते. तेथे हजार किलोची अडवणूक झाली, तर तो पीळ कुलूप-पिनेने तोलायचा असतो. पिनेचे भोक खुंट्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल तर तिच्यावर सुमारे सात टन येतात. भोक २५ सेंटिमीटरवर असेल तर सव्वाचार टन. २० मिलिमीटरची साध्या लोखंडाची पिन एकाच बाजूने धरलेली असेल, तर ती साडेचार टनांच्या आसपास दबून वाकू लागते. म्हणजे पहिल्या बनावटीत पिन वाकणारच आणि दुसरीत ती कशीबशी टिकेल. तीच पिन वर आणि खाली अशा दोन पट्ट्यांत धरली, तर तिची ताकद जवळजवळ दुप्पट होते. धावत्या ट्रॅक्टरचा धक्का यापेक्षा जास्त असतो, म्हणून दोन पट्ट्यांतील पिन आणि मोठ्या व्यासाची फिरती चकती या दोन गोष्टींचा आग्रह धरावा.

कारागीर बांधवांसाठी यात मोठा धडा आहे. जास्त लोखंड घालण्यापेक्षा भोकांचे वर्तुळ मोठे केले, तर खर्च फारसा न वाढता पाते टिकते. कुलूप-पिन मुद्दाम फार कठीण पोलादाचीही करू नये. दगड लागला तर पिन मोडलेली परवडते, खुंटा मोडलेला परवडत नाही. पिन स्वस्त, बदलायला सोपी आणि पेटीत दोन जास्तीच्या ठेवण्यासारखी असावी.

धार : बोल्टची की वेल्डिंगची?

जमिनीशी घासणारी खालची पट्टी म्हणजे धार. ती मुख्य पत्र्यापेक्षा कठीण पोलादाची हवी आणि बोल्टने बसवलेली हवी. चांगल्या धारेला वर-खाली सारख्या अंतरावर भोके आणि दोन्ही कडा असतात. एक कड झिजली की पट्टी उलटी करून दुसरी वापरता येते. एका किमतीत दोन धारा मिळाल्या, असे समजा. बोल्ट चौकोनी मानेचे आणि बसक्या डोक्याचे असावेत. डोके वर राहिले तर ते आधी झिजते आणि माती अडवते.

काही ठिकाणी धार सरळ पत्र्याला वेल्ड करून देतात. सुरुवातीला काम स्वस्त होते, पण धार झिजल्यावर ती कापून काढावी लागते आणि मूळ पत्र्याची कड खराब होते. शिवाय कठीण पोलाद थंड असताना साध्या रॉडने वेल्ड केले, तर जोडाशेजारी ते ठिसूळ होते आणि तडकते. नाइलाजाने वेल्ड करावेच लागले, तर आधी धार गरम करावी, कोरडे केलेले लो-हायड्रोजन रॉड वापरावेत आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत झाकून ती सावकाश निवू द्यावी. ट्रकच्या कमानपाट्याची धार करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

धार झिजत झिजत मुख्य पत्र्याच्या कडेपासून बोटभर उरली की ती बदलावी. पत्रा जमिनीला घासू लागला, तर धार वाचवण्याच्या नादात पाते घालवले असे होईल. विकत घेतानाच विचारावे : या मापाची धार पुढे सुटी मिळेल का? भोकांचे अंतर काय? मिळत नसेल, तर ते पाते स्वस्त असूनही महाग आहे.

कोणत्या सोयी घ्याव्यात?

पाते चार प्रकारे हलवता येते. पहिला प्रकार तिरके करणे. तो प्रत्येक पात्यात हवाच. दुसरा एक टोक खाली करणे, म्हणजे चर काढता येतो. बहुतेक ट्रॅक्टरांवर उजव्या लिंकेच्या लेव्हलिंग हँडलाने हे काही प्रमाणात होते. त्यासाठी वेगळा पैसा प्रत्येकाने घालण्याची गरज नाही. तिसरा प्रकार पाते एका बाजूला सरकवणे. चाके रस्त्यावर ठेवून कडेची माती ओढणाऱ्याला आणि बांधाजवळ काम करणाऱ्याला ही सोय उपयोगी आहे. चौथा प्रकार पाते पूर्ण उलटे फिरवून ट्रॅक्टर मागे घेत माती ढकलणे. खड्डा भरायला ते चालते, पण हळूहळू आणि मोकळ्या मातीतच. जोडणी मुख्यतः ओढण्यासाठी बनलेली असते. उलट दिशेने धडक दिली तर लिंका वाकतात.

हे सर्व पिना काढून हाताने करता येते किंवा सिलिंडर लावून सीटवरून. सिलिंडरचे पाते घ्यायचे तर ट्रॅक्टरला बाहेरचे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आहेत का आणि किती आहेत, ते आधी पाहावे. दोन्ही बाजूंना चालणाऱ्या प्रत्येक सिलिंडरला दोन पाइप आणि एक व्हॉल्व्ह लागतो. रोज रस्त्याचेच काम असेल आणि दर फेरीला कोन बदलावा लागत असेल, तरच हा खर्च वसूल होतो. महिन्यातून चार दिवस काम असणाऱ्याने तो पैसा पत्र्याच्या जाडीत आणि धारेत घालावा.

मागे दोन आधारचाके असतील तर शेवटची सपाटी चांगली येते, कारण ट्रॅक्टरचे चाक खड्ड्यात गेले तरी पाते तेवढे खाली-वर होत नाही. प्लॉट आणि मैदानाची कामे करणाऱ्यांनी चाके नंतर बसवता येतील अशी जागा असलेले पाते पाहावे.

चांगले पातेही नीट चालवावे लागते

निवड बरोबर असूनही काम बिघडते, त्याची चार कारणे सांगतो.

एक, ड्राफ्टचा दांडा वापरणे. नांगरासाठी असलेला हा दांडा ओढ वाढली की अवजार उचलतो आणि कमी झाली की सोडतो. त्याने रस्त्यावर लाटा उठतात. पात्यासाठी पोझिशनचा दांडा वापरावा.

दोन, टॉप लिंक चुकीच्या लांबीवर ठेवणे. टॉप लिंक लांब केली की खालची धार पुढे येते आणि पाते जमीन खाते. आखूड केली की धार मागे जाते आणि पाते माती पसरवत चालते. पहिल्या फेऱ्या लांब लिंकेवर आणि शेवटच्या आखूड लिंकेवर घ्याव्यात.

तीन, वेग. ताशी ५ ते ८ किलोमीटरच्या पुढे गेले की पाते उड्या मारते आणि रस्त्यावर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या वळ्या पडतात.

चार, ओलावा न पाहणे. वाळलेला मुरूम पाते कातत नाही. आधी कल्टिव्हेटरने तो सैल करावा किंवा पाणी मारावे. ओली काळी माती तर पात्याला चिकटून गोळा होते. तिच्यात वाफसा येईपर्यंत थांबणे हेच शहाणपण.

मुरुमाच्या रस्त्याला मधून उंची दिली नाही तर पहिल्याच पावसात तो वाहून जातो. दर मीटरला सुमारे चार सेंटिमीटर उतार द्यावा. तीन मीटर रुंद रस्ता असेल, तर मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर उंच हवा. कडेची माती दोन्ही बाजूंनी मध्याकडे ओढली की ही उंची येते. एवढे जमले तर गावकरी पुढच्या वर्षी स्वतःहून बोलावतात.

नफ्याचा हिशेब

समजा अर्धा किलोमीटरचा एक शेतरस्ता आहे. एक फेरी ताशी ५ किलोमीटरने सहा मिनिटांची आणि वळायला दोन मिनिटे, म्हणजे आठ मिनिटे. हलक्या पात्याला आठ फेऱ्या लागल्या तर ६४ मिनिटे. जड पात्याला पाच फेऱ्या लागल्या तर ४० मिनिटे. एका कामात २४ मिनिटे वाचली. हंगामात अशी १०० कामे झाली तर ४० तास वाचतात. ताशी चार लिटर डिझेल धरले तर १६० लिटर. आपल्या गावच्या डिझेलच्या भावाने हे गुणावे, त्यात चालकाची मजुरी मिळवावी आणि दोन पात्यांच्या किमतीतील फरकाशी ताडून पाहावे. पाते दोन हंगामांत फरक भरून काढत असेल, तर जड पाते घ्यावे. हंगामात दहाच कामे असतील, तर हा हिशेब उलटा पडतो. तेव्हा शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर भागीदारीत पाते घेणे बरे. मात्र कोणाचे दिवस कोणते, धार कोण बदलणार, मोडतोड कोणाच्या अंगावर, हे साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. दोस्ती टिकते ती अशा कागदामुळेच.

सरकारी अनुदानातून अवजार घ्यायचे असेल, तर अर्ज, पूर्वसंमती आणि मगच खरेदी हा क्रम पाळावा. बिल आधीच्या तारखेचे झाले तर रक्कम हातची जाते. बिलावर अवजाराचे माप, वजन आणि क्रमांक लिहून घ्यावा.

जुने पाते घेताना

जुने पाते वाईटच असते असे नाही. जाड पत्र्याचे जुने पाते पातळ पत्र्याच्या नव्यापेक्षा बरे. पण चार परीक्षा कराव्यात. पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणावी. मध्ये फट दिसली तर पाते वाकलेले आहे. टोक धरून जोराने हलवावे. खुंट्यात बोटभर खेळ असेल तर बुश किंवा खुंटा गेला आहे. वेल्डिंगच्या जागी ताजा रंग असेल तर तो खरवडून तडा पाहावा. कुलूप-पिनेची आणि लिंकांची भोके गोल आहेत की लंबगोल, ते तपासावे. दोन दोष असतील तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. चारही असतील तर भंगाराच्या भावाने मागावे.

जिवाची काळजी

ट्रॅक्टर आणि पाते यांच्या मध्ये उभे राहून कोणी पिन बदलत असताना दुसऱ्याने दांड्याला हात लावू नये. उचललेल्या पात्याखाली हात घालू नये. धार बदलताना खाली लाकडी ठोकळे द्यावेत. काम संपले की पाते जमिनीवर टेकवूनच ट्रॅक्टर बंद करावा. अडकलेले पाते सोडवण्यासाठी टॉप लिंकच्या जागी दोर बांधून कधीही ओढू नये. उंच जागी ओढ बसली की ट्रॅक्टर पुढून उचलून चालकावर उलटतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. ओढायचे तर खालच्या ओढपट्टीलाच बांधावे. मडगार्डवर पोरांना बसवून हे काम करू नये.

उजळणी

दुकानात जाताना हा कागद बरोबर ठेवावा. लिंकांच्या भोकांचे माप काय? चाकांचे बाहेरून अंतर किती? तिरके केल्यावर पाते तेवढे पुरते का? दर फुटाला वजन किती? पत्रा किती मिलिमीटर? कुलूप-पिन खुंट्यापासून किती लांब आणि किती पट्ट्यांत? धार बोल्टची आहे का, आणि पुढे सुटी मिळेल का?

या सात प्रश्नांची उत्तरे मोजून देणाऱ्या दुकानदाराकडूनच माल घ्यावा. आणि आपण स्वतः दुकानदार किंवा कारागीर असाल, तर गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच ही सात मापे पाटीवर लिहून पात्याला लावावीत. पाच मिलिमीटरचा पत्रा पाचच सांगावा आणि त्याचा भावही पाचाचाच घ्यावा. ज्याला हलके काम आहे त्याला तो पुरेल. ज्याला जड काम आहे त्याला “हे तुमच्या कामाचे नाही” असे स्पष्ट सांगावे. एक विक्री कमी होईल. पण तो माणूस पुढच्या वेळी जड पाते घ्यायला आपल्याच दारात येईल, आणि चार जणांना घेऊन येईल.